औषधनिर्माणातील घटकसूची आणि संगणक : ग्रंथोक्त पाठापासून बॅचपर्यंत

प्रास्ताविक

भैषज्यकल्पना आणि रसशास्त्र या विषयांच्या अध्ययनात आपण पाठ मुखोद्गत करतो. द्रव्ये कोणती, भाग किती, भावना कशाची, पाक कोणता, हे सर्व एका श्लोकात सामावलेले असते. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास एवढे पुरेसे होते, कारण श्लोकात जे सांगितलेले नाही ते त्याला गुरुपरंपरेने ज्ञात असे. आज मात्र लहानशा निर्माणशाळेतही पंचवीस-तीस कल्प एकाच वेळी चालू असतात. द्रव्यांची खरेदी एक जण करतो, कोठारातून द्रव्य दुसरा देतो, खलात तिसरा घालतो आणि नोंद चौथा करतो. या चौघांत पाठ जाणणारा वैद्य बहुधा एकच असतो. तो उपस्थित नसताना निर्माणशाळा ज्या लिखित आधारावर चालते, तो आधार म्हणजे घटकसूची. उद्योगक्षेत्रात तिला ‘बिल ऑफ मटेरियल्स’ किंवा संक्षेपाने ‘बॉम’ म्हणतात.

ही सूची आता बहुतेक ठिकाणी संगणकात ठेवली जाते. ती भरण्याचे काम मात्र लेखापालाकडे अथवा संगणकचालकाकडे सोपविण्याची प्रथा पडली आहे. घटकसूची हा हिशेबाचा विषय नसून भैषज्यकल्पनेचाच विषय आहे, आणि तिची रचना वैद्यानेच केली पाहिजे, हे सकारण मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घटकसूचीची संकल्पना

कोणतीही निर्मित वस्तू घेतली तर ती काही घटकांची बनलेली असते, आणि ते घटक पुन्हा इतर घटकांचे बनलेले असू शकतात. वरच्या वस्तूस पितृघटक आणि तिच्यात जाणाऱ्या वस्तूस अपत्यघटक म्हटले, तर ही सूची वंशवृक्षासारखी दिसते. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी अनिवार्य असतात : कोणत्या वस्तूत, कोणती वस्तू, किती प्रमाणात. संगणकाने या ओळी एकदा जाणल्या की तो दोन प्रकारची उत्तरे देऊ शकतो. पहिले, अमुक इतका कल्प करावयाचा तर मूळ द्रव्ये किती लागतील. दुसरे त्याच्या उलट, अमुक द्रव्य कोणकोणत्या कल्पांत जाते.

ही पद्धत यंत्रोद्योगातून आली. चंद्रावर मानव पाठविण्याच्या अमेरिकेच्या अपोलो मोहिमेसाठी सॅटर्न-५ हे अग्निबाण बांधताना असंख्य सुट्या भागांची सूची सांभाळणे आवश्यक झाले. त्यासाठी आयबीएम कंपनीने १९६६ पासून इतर दोन कंपन्यांच्या सहकार्याने आयएमएस ही माहितीसाठा प्रणाली विकसित केली. पुढे १९७५ मध्ये जोसेफ ऑर्लिकी यांनी द्रव्यगरज-नियोजनावर ग्रंथ लिहिला आणि हे शास्त्र कारखान्यांत स्थिरावले. आज टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रणालीत घटकसूची करण्याची सोय आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीने विकसित केलेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत प्रणालीही ती पुरविते. साधन सुलभ आहे. अडचण अशी की ही साधने यंत्राचे भाग जोडणाऱ्यांच्या दृष्टीने घडलेली आहेत. चार खिळे लावले की यंत्रात चारच खिळे राहतात. क्वाथ आटतो, चूर्ण उडते, गोमूत्रात शोधन केलेले द्रव्य गोमूत्र सोडून बाहेर येते. हा भेद लक्षात घेऊनच सूची रचावी लागते.

ग्रंथोक्त पाठ आणि निर्माण पाठ

प्रत्येक कल्पाच्या दोन सूची असतात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत, हा पहिला नियम.

ग्रंथोक्त पाठ म्हणजे ग्रंथात सांगितलेली द्रव्ये आणि त्यांचे प्रमाण. औषधी व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदिक औषधाचा आधार पहिल्या परिशिष्टातील ग्रंथ हा आहे, आणि लेबलवर घटकद्रव्ये व त्यांचे प्रमाण द्यावे लागते. लेबलचा संबंध या पहिल्या सूचीशी आहे.

निर्माण पाठ म्हणजे त्या कल्पासाठी कोठारातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या सर्व वस्तू. यात शोधनासाठी लागणारे गोमूत्र आणि गोदुग्ध, क्वाथाचे पाणी, गाळल्यावर टाकून दिलेला चोथा ज्यापासून निघाला ते यवकूट, वटीस लागणारा बंधक पदार्थ, बाटली, झाकण व लेबल हे सर्व येते. यांपैकी काही अंतिम औषधात असते, काही नसते. म्हणून प्रत्येक ओळीपुढे ‘अंतिम औषधात समाविष्ट’ अथवा ‘केवळ संस्कारार्थ’ अशी खूण असावी. ही खूण नसेल तर संगणक दोन्हींची सरमिसळ करतो. मग लेबलवर गोमूत्र उतरते, किंवा त्याउलट गोमूत्राची खरेदीच होत नाही आणि शोधन अडते.

स्तरांचे महत्त्व : त्रिफळा गुग्गुळाचे उदाहरण

शार्ङ्गधर संहितेतील त्रिफळा गुग्गुळाचा पाठ सर्वपरिचित आहे. त्रिफळा चूर्ण ३ पल, पिंपळी १ पल, गुग्गुळ ५ पल, असे एकूण ९ पल. ९० किलो मिश्रण करावयाचे असेल तर सरळ गणिताने त्रिफळा ३० किलो, पिंपळी १० किलो आणि गुग्गुळ ५० किलो लागेल, असे कोणीही सांगेल. ही एकस्तरीय सूची झाली, आणि तिच्या आधारे केलेली खरेदी निश्चितपणे अपुरी पडते.

याची कारणे स्तरांत आहेत. त्रिफळा क्वाथात गुग्गुळाचे शोधन करणाऱ्या शाळेचा वृक्ष पाहू.

स्तर १ : त्रिफळा चूर्ण, पिंपळी चूर्ण, शुद्ध गुग्गुळ.
स्तर २ : त्रिफळा चूर्णाखाली हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी चूर्णाखाली पिंपळी, शुद्ध गुग्गुळाखाली कच्चा गुग्गुळ आणि त्रिफळा क्वाथ.
स्तर ३ : त्रिफळा क्वाथाखाली हिरडा, बेहडा, आवळा यांचे यवकूट आणि पाणी.

आता गणितासाठी काही आकडे गृहीत धरू. प्रत्येक शाळेने ते स्वतःच्या नोंदींवरून काढावयाचे आहेत. चूर्ण करताना व गाळताना ५ टक्के घट, शोधनात कच्च्या गुग्गुळाच्या ८० टक्के शुद्ध गुग्गुळाची प्राप्ती, आणि क्वाथासाठी कच्च्या गुग्गुळाच्या चतुर्थांश त्रिफळा यवकूट.

५० किलो शुद्ध गुग्गुळासाठी कच्चा गुग्गुळ ६२.५ किलो लागेल. त्याच्या चतुर्थांश म्हणजे सुमारे १५.६ किलो त्रिफळा क्वाथात जाईल. ३० किलो चूर्ण मिळण्यासाठी सुमारे ३१.६ किलो त्रिफळा कुटावी लागेल. दोन्हींची बेरीज सुमारे ४७.२ किलो होते, म्हणजे हिरडा, बेहडा व आवळा प्रत्येकी सुमारे १५.७ किलो. एकस्तरीय सूचीने प्रत्येकी १० किलो सांगितले होते.

कमी पडलेल्या द्रव्याचे परिणाम केवळ आर्थिक नसतात. अर्ध्यावर आलेली बॅच थांबवता येत नाही म्हणून क्वाथातील त्रिफळा ‘थोडी कमी’ घेतली जाते, किंवा शोधन उरकले जाते. शास्त्राचा संस्कार नेमका तेथे क्षीण होतो जेथे सूची अपुरी असते.

याच उदाहरणातून आणखी एक सूचना निघते. प्राप्तीचे प्रमाण अंदाजाने न घालता मागील दहा-बारा बॅचच्या प्रत्यक्ष वजनांवरून घालावे आणि वर्षातून एकदा तपासावे. प्राप्ती अकस्मात वाढली तर आनंदित होण्यापूर्वी द्रव्य पूर्ण कोरडे झाले होते काय, हे पाहावे.

शुद्ध आणि अशुद्ध : दोन स्वतंत्र संकेतांक

संगणकात प्रत्येक वस्तूस संकेतांक असतो. संगणकाच्या दृष्टीने ज्यांचा संकेतांक एक, ती वस्तू एक. येथेच वैद्याच्या दक्षतेची खरी कसोटी आहे.

त्रिभुवनकीर्ती रसात वत्सनाभ जातो, परंतु तो शुद्ध वत्सनाभ. कोठारात ‘वत्सनाभ’ असा एकच संकेतांक असेल, तर शोधनापूर्वीचे आणि शोधनानंतरचे द्रव्य संगणकास सारखेच. शिल्लक दाखविताना तो दोन्हींची बेरीज करील आणि ‘५ किलो उपलब्ध’ म्हणून सांगेल. त्यातील ४ किलो अशुद्ध आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. खलापर्यंत कोणते पोते जाईल हे मग कोठारातील माणसाच्या स्मरणावर अवलंबून राहते. वत्सनाभ, कुचला, भिलावा, जयपाळ यांसारखी जी द्रव्ये नियमांच्या परिशिष्ट ई-१ मध्ये विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत, त्यांच्या बाबतीत ही ढिलाई रुग्णाच्या जीवावर बेतू शकते.

म्हणून शोधन हा सूचीतील एक पूर्ण स्तर मानावा. अशुद्ध वत्सनाभ आणि गोमूत्र हे अपत्यघटक, शुद्ध वत्सनाभ हा पितृघटक. शुद्ध द्रव्याची शिल्लक केवळ शोधनाची नोंद पूर्ण झाल्यावरच वाढेल, आणि अंतिम कल्पाच्या सूचीत शुद्ध द्रव्याचाच संकेतांक असेल, अशी योजना केली की अशुद्ध द्रव्य कल्पासाठी देण्याची चिठ्ठीच निघू शकत नाही. पारद, गंधक, हिंगुळ, हरताळ, मनःशीळ, शिलाजतु, गुग्गुळ या सर्वांस हाच न्याय लावावा. कज्जलीसही स्वतंत्र संकेतांक द्यावा, कारण ती अनेक रसकल्पांचा समान घटक आहे आणि तिची परीक्षा एकदाच करून सर्वत्र वापरता येते.

परिभाषेचे संगणकीय रूप

शार्ङ्गधराने परिभाषा सांगून ठेवली आहे : अंग सांगितले नसेल तर मूळ घ्यावे, प्रमाण सांगितले नसेल तर समभाग, काळ सांगितला नसेल तर प्रातःकाळ, पात्र सांगितले नसेल तर मातीचे. संगणक यांपैकी काहीही जाणत नाही. श्लोकात जे अनुक्त आहे ते सूचीत उक्त करावे लागते. त्यासंबंधी काही मुद्दे.

१. मान. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत १ कर्ष म्हणजे १२ ग्रॅम, १ पल म्हणजे ४८ ग्रॅम, १ कुडव म्हणजे १९२ ग्रॅम, १ प्रस्थ म्हणजे ७६८ ग्रॅम आणि १ तुला म्हणजे ४.८ किलो असे रूपांतर आहे. व्यवहारातील तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर पल ४६.६५ ग्रॅमचे होते. एकाच सूचीत काही ओळी एका मानाने आणि काही दुसऱ्या मानाने भरल्या गेल्या तर भागांचे गुणोत्तर बिघडते. शाळेने एकच रूपांतर ठरवून ते प्रणालीत कायम करावे. च्यवनप्राशात आवळे ५०० नग सांगितले आहेत. नग आणि किलो यांचा संबंध फळाच्या आकारावर अवलंबून असल्याने त्या ओळीस प्रत्येक हंगामात मोजून वजन लावावे.

२. द्रवद्वैगुण्य. कुडव व त्यापुढील मानात द्रव आणि आर्द्र द्रव्ये दुप्पट घ्यावयाची असतात. परंतु गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा आदी द्रव्ये सदैव ओली घेऊनही दुप्पट करावयाची नसतात. म्हणून ‘शतावरी ओली’ आणि ‘शतावरी शुष्क’ असे दोन संकेतांक ठेवावेत. दुप्पट करावयाचे असल्यास ते वैद्याने सूचीतच करून ठेवावे, कोठारातील व्यक्तीच्या निर्णयावर सोडू नये.

३. गण. चंद्रप्रभा वटीच्या पाठात त्रिफळा, व्योष, क्षारद्वय, लवणत्रय अशी गणनामे येतात. गण ही कोठारात साठविलेली वस्तू असेलच असे नाही. संगणकीय भाषेत याला आभासी घटक म्हणतात : सूचीत नाव दिसते, पण गरज काढताना त्याच्या जागी त्यातील द्रव्ये मोजली जातात. गणाची व्याख्या एकदाच करून ठेवली तर प्रत्येक कल्पात ती पुन्हा भरावी लागत नाही. मात्र सांगितलेले प्रमाण प्रत्येक द्रव्याचे की संपूर्ण गणाचे, याचा निर्णय त्याच ओळीत लिहून ठेवावा.

हा निर्णय किती महत्त्वाचा आहे ते आरोग्यवर्धिनीवरून दिसते. पारद, गंधक, लोहभस्म, अभ्रकभस्म, ताम्रभस्म प्रत्येकी १ भाग, त्रिफळा द्विगुण, शिलाजतु ३ भाग, गुग्गुळ ४ भाग, चित्रक ४ भाग आणि कुटकी सर्वांच्या समान. त्रिफळेतील प्रत्येक द्रव्य २ भाग घेतले तर कुटकीपूर्वीची बेरीज २२, कुटकी २२ आणि एकूण ४४ भाग होतात. संपूर्ण त्रिफळाच २ भाग घेतली तर बेरीज १८, कुटकी १८ आणि एकूण ३६ भाग. कुटकी दोन्ही अर्थांनी निम्मीच राहते. पण भावनाद्रव्याचा अंश सोडल्यास २५० मिलिग्रॅमच्या वटीतील पारद पहिल्या अर्थाने सुमारे ५.७ मिलिग्रॅम आणि दुसऱ्या अर्थाने सुमारे ६.९ मिलिग्रॅम होतो. ‘द्विगुण’ या एका शब्दाचा अर्थ संगणकचालकाने ठरवावा काय, याचा विचार वैद्यांनीच करावा.

याच कल्पातील ‘सर्वसमान’ ही ओळ स्थिर आकड्याने भरू नये. ती वरच्या ओळींच्या बेरजेवरून काढली जाईल असे सूत्र द्यावे. अन्यथा वरील एखादा आकडा दुरुस्त झाला तरी कुटकी जुन्याच प्रमाणात राहील.

४. भावना. भावनाद्रव्य ‘द्रव्य भिजेल इतके’ घ्यावयाचे असते. सूचीत अंदाजित प्रमाण द्यावे, परंतु ती ओळ बदलण्याजोगी ठेवून प्रत्यक्ष लागलेले प्रमाण बॅचच्या नोंदीत लिहावे. भावनेनंतर स्वरसाचा घन अंश द्रव्यात राहतो आणि वजन वाढते, हेही प्राप्तीच्या हिशेबात धरावे.

५. प्रतिनिधी द्रव्ये. अष्टवर्गातील द्रव्यांच्या अभावी मेदा-महामेदांऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकांऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलींऐवजी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धींऐवजी वाराहीकंद घेण्याची अनुज्ञा भावप्रकाशात आहे. चरकोक्त च्यवनप्राशात जीवक, ऋषभक आणि विदारी ही तिन्ही आहेत. प्रत्येकी १ पल धरल्यास विदारीकंद एकूण ३ पल म्हणजे १४४ ग्रॅम लागेल. संगणकचालकास हे नाव तीनदा आल्याचे दिसले की तो चूक समजून दोन ओळी काढून टाकण्याची शक्यता असते. म्हणून तिन्ही ओळी पृथक् ठेवाव्यात आणि प्रत्येकीपुढे ‘जीवकाच्या जागी’ अशी नोंद करावी.

६. संदिग्ध द्रव्ये. ब्राह्मी म्हणजे बकोपा मोन्निएरी की सेंटेला एशियाटिका, शंखपुष्पी म्हणजे कोणती, रास्ना कोणती, नागकेशराच्या नावाने बाजारात काय येते, हे प्रश्न नवे नाहीत. संकेतांक संस्कृत नामास न देता वनस्पतिशास्त्रीय नाव, प्रयोज्य अंग आणि अवस्था या तिघांस मिळून द्यावा. नामसादृश्याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो याचे उदाहरण बेल्जियममध्ये घडले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्याच्या चिनी वनौषधींच्या योगात ‘हान फांग-ची’ या वनस्पतीच्या जागी तिच्याशी नामसादृश्य असलेली ‘ग्वांग फांग-ची’ ही ईश्वरीच्या कुळातील वनस्पती आली. त्यामुळे शंभराहून अधिक रुग्णांच्या वृक्कांना गंभीर इजा झाली. योगाच्या यादीत नाव बरोबर होते, गोळीतील वनस्पती वेगळी होती.

आवर्तनाचा प्रश्न

कोणतीही वस्तू स्वतःचाच घटक असू नये, असा घटकसूचीचा एक मूलभूत नियम आहे. तसे घडले तर संगणक गरज काढताना फेऱ्यात अडकतो, म्हणून बहुतेक प्रणाली अशी नोंद नाकारतात. आपल्या शास्त्रात मात्र असे कल्प आहेत. अभ्रकभस्माचा एक पुट झाला की तेच भस्म पुन्हा भावना देऊन पुढील पुटास जाते. एकशे एक आवर्ती क्षीरबला तैलात प्रत्येक आवर्तनाचे तैल पुढील आवर्तनाचे मूळ द्रव्य होते.

यावर उपाय असा की पुट अथवा आवर्तन हा घटक न मानता क्रिया मानावी. सूचीत आरंभीचे द्रव्य आणि सर्व पुटांस मिळून लागणारे भावनाद्रव्य एकत्रित द्यावे आणि पुटांची अनुक्रमे नोंद क्रियापत्रकात ठेवावी. शतपुटी आणि सहस्रपुटी अभ्रकास मात्र भिन्न संकेतांक असावेत, कारण ती शाळेच्या व रुग्णाच्या दृष्टीने भिन्न औषधे आहेत.

आवृत्ती व अनुमोदन

सूची कधी ना कधी बदलते. गुग्गुळाचे शोधन गोमूत्राऐवजी त्रिफळा क्वाथात करण्याचे ठरते, किंवा बंधक पदार्थ बदलतो. अशा वेळी जुनी सूची पुसून नवी लिहू नये. प्रत्येक सूचीस आवृत्तिक्रमांक, लागू झाल्याची तारीख, बदलाचे कारण आणि अनुमोदन देणाऱ्या वैद्याचे नाव असावे. प्रत्येक बॅच ज्या आवृत्तीने झाली तिच्याशी कायम जोडलेली राहिली पाहिजे. दोन वर्षांनंतर एखाद्या रुग्णाने औषधाविषयी शंका घेतली, तर आजची सूची पाहून उत्तर देता येत नाही. त्या दिवशीची सूची पाहावी लागते.

साध्या कोष्टकपत्रात सूची ठेवणाऱ्या शाळांत येथेच गोंधळ होतो. एका फाईलच्या चार प्रती चार संगणकांवर असतात, आणि ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ अशा नावांतून खरी कोणती ते कळेनासे होते. आरंभ कोष्टकपत्राने करण्यास हरकत नाही, परंतु मूळ प्रत एकच असावी आणि तिच्यात बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस असावा.

मागोवा घेण्याची क्षमता

घटकसूचीचा सर्वांत मोठा लाभ संकटकाळी दिसतो. पिंपळीच्या एका लॉटमध्ये दोष आढळला असे समजू. सूची नसेल तर वैद्यास स्मरणाने आठवावे लागेल की पिंपळी कशाकशात जाते. सूची स्तरयुक्त असेल आणि प्रत्येक बॅचमध्ये वापरलेल्या लॉटची नोंद असेल, तर संगणक काही क्षणांत सांगतो : तो लॉट त्रिकटु चूर्णाच्या अमुक बॅचमध्ये गेला, ते त्रिकटु चंद्रप्रभेच्या अमुक बॅचमध्ये, आणि त्या बॅचच्या डब्या अमुक विक्रेत्यांकडे गेल्या. परत मागवावयाच्या त्या तेवढ्याच.

याची दुसरी बाजूही आहे. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचे परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत सरकारने केवळ वनौषधिजन्य उत्पादनांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंचे परीक्षण अनिवार्य केले. अशा अहवालास उत्तर देताना पहिला प्रश्न असतो : हा धातू पाठात सांगितलेला, संस्कारित घटक आहे की बाहेरून आलेले दूषण? ज्याची ग्रंथोक्त सूची, निर्माण सूची आणि लॉटची नोंद परस्परांशी जुळते, तोच निर्माता याचे सप्रमाण उत्तर देऊ शकतो. इतरांस केवळ परंपरेचा दाखला द्यावा लागतो, आणि तो पुरेसा ठरत नाही.

परिशिष्ट ‘टी’ अन्वये २००० पासून आयुर्वेदिक औषधांसाठी उत्तम निर्मिती पद्धतीचे नियम आले. त्यांत अपेक्षित असलेली बॅचची नोंद, तसेच नियम १५७-अ प्रमाणे आर्थिक वर्षात वापरलेल्या कच्च्या द्रव्यांचा तपशील, ही दोन्ही कामे निर्दोष सूचीमुळे सुकर होतात. अनेक शाळांत ही कागदपत्रे तपासणीपूर्वी घाईने तयार होतात. सूची नित्य वापरात असेल तर ती आपोआप तयारच असतात.

आरंभ कसा करावा

सर्व कल्प एकदम संगणकात घालण्याचा अट्टाहास करू नये. पुढील क्रम व्यवहार्य आहे.

१. प्रथम द्रव्यसूची करावी. प्रत्येक द्रव्याचे वनस्पतिशास्त्रीय अथवा खनिज नाव, अंग, अवस्था आणि शुद्ध-अशुद्ध भेद ठरवून संकेतांक द्यावा. घाई येथे करू नये, पुढील सर्व गणित यावर उभे आहे.

२. मग मध्यवर्ती द्रव्यांच्या सूची कराव्यात : कज्जली, शुद्ध गुग्गुळ, शुद्ध वत्सनाभ, भस्मे, नित्य लागणारे क्वाथ.

३. त्यानंतर सर्वाधिक होणारे पाच कल्प घ्यावेत. एका बॅचची गरज हाताने आणि संगणकाने, अशी दोन्ही प्रकारे काढून पाहावी. दोन्हींत अंतर पडले तर ते कोठून आले हे सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

४. परिशिष्ट ई-१ मधील द्रव्ये असलेल्या प्रत्येक कल्पाची सूची दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासावी. त्या कल्पांच्या लेबलवरील ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना सूचीशीच जोडावी, म्हणजे ती विसरली जाणार नाही.

५. मोठी बॅच करताना संगणक सर्व ओळी समप्रमाणात वाढवितो, हे ध्यानात ठेवावे. पाककाळ, इंधन आणि घट समप्रमाणात वाढत नाहीत. दसपट बॅचची पहिली नोंद वैद्याच्या समक्ष व्हावी.

उपसंहार

संगणक सांगितलेले कधी विसरत नाही, आणि न सांगितलेले त्याला कधी कळत नाही. गुरूने शिष्यास खलापाशी बसवून जे दाखविले, त्यातील जेवढे आपण सूचीत उतरवू तेवढेच आपल्या अनुपस्थितीत शाळेत टिकेल. शोधन वगळलेली सूची शोधन वगळलेले औषध देईल, आणि कागदावर ते निर्दोष दिसेल. म्हणून सूची भरण्याचे आसन वैद्याने सोडू नये. ज्यांच्या स्वतःच्या निर्माणशाळा आहेत त्यांनी या त्रैमासिकाचा पुढील अंक हाती येण्यापूर्वी निदान एका विषद्रव्ययुक्त कल्पाची सूची उघडून पाहावी, आणि तिच्यात शुद्ध व अशुद्ध द्रव्यांचे संकेतांक भिन्न आहेत काय, एवढे तरी तपासावे.